प्रतापनगरहून दीवला

बडोद्यात चार माणसांत ‘आम्ही दीवला चाललोय’ असं सांगून बघा. काका मंडळी मिशीत हसतात, काकू विषय बदलतात आणि कॉलेजातला भाचा ‘मलाही घेऊन चला’ म्हणतो. १९६०मध्ये गुजरात वेगळं राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे आणि दीव केंद्रशासित. त्यामुळे तीन पिढ्यांत दीवचा अर्थ एवढाच उरला: नागोआचा किनारा, हातात बाटली, रविवारी रात्री परत. हे मला फार वाया घालवणं वाटतं. आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर एक बेट आहे, त्यावर तटबंदीच्या आतलं जुनं बंदराचं गाव आहे, आणि तिथे जाणारे निम्मे लोक त्या गावात पाऊलही न टाकता समुद्रकिनाऱ्यावरून परततात.

म्हणून पहिला सल्ला मुक्कामाचा. हॉटेल नागोआला घेऊ नका, दीव गावात घ्या, बंदर चौकापासून चालत जाता येईल असं. नागोआ गावापासून सात-आठ किलोमीटरवर आहे. तिथे राहिलात की प्रत्येक गोष्टीला रिक्षा लागते आणि संध्याकाळनंतर तिथे किनारा आणि बार यांखेरीज फारसं काही नसतं. गावात राहिलात तर सकाळी सहाला धक्क्यावर होड्या बघता येतात, दुपारी खोलीवर येऊन झोपता येतं आणि रात्री जेवून बंदराच्या कडेनं फेरी मारता येते. दोन रात्री पुरतात. एका रात्रीत दीव ‘होतं’, पण मग ते परत नागोआच होतं.

आता जायचं कसं. प्रतापनगरकरांचं स्टेशन घराजवळ असलं तरी या प्रवासात त्याचा उपयोग नाही. गायकवाडांच्या नॅरोगेजचं हे जुनं ठाणं आता डभोईवरून थेट केवडियाला जोडलंय, सौराष्ट्राकडे जाणारी गाडी मात्र मोठ्या स्टेशनवरूनच धरायची. दीवला रेल्वे नाही. वांद्र्याहून येणारी सौराष्ट्र जनता एक्सप्रेस बडोद्यावरून वेरावळला जाते, तिथून दीव रस्त्यानं नव्वद किलोमीटरच्या आसपास. वाटेत सोमनाथ करून घेता येतं, त्यामुळे आजी-आजोबा बरोबर असतील तर घरातली बोलणीही सोपी होतात. २०२५च्या मेपासून साबरमती ते वेरावळ वंदे भारतही सुरू झालीय, पण त्यासाठी आधी साबरमती गाठावं लागतं. सामान आणि मुलं असतील तर तो खटाटोप मी करणार नाही.

वेरावळहून उन्याकडे जाताना कोडिनार लागतं. तिथे एखादा चहा घ्या. हा सगळा तालुका एकेकाळी बडोदे संस्थानाच्या अमरेली प्रांतात होता. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून कोणी ना कोणी अमरेली-कोडिनारकडे नोकरीला गेलेलं असायचं. आजच्या हिशेबात हे सौराष्ट्राचं टोक, तेव्हाच्या हिशेबात आपलंच राज्य, आणि कोडिनारच्या पुढे थोड्या अंतरावर पोर्तुगालची हद्द.

बहुतेक लोक मात्र बसनंच जातात आणि ते गैर नाही. एसटीचं आरक्षण ऑनलाइन होतं, खासगी स्लीपरही असतात. थेट दीवची मिळाली नाही तर उन्याची घ्या. उन्याहून दीव पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि बस, रिक्षा दिवसभर चालू असतात. फक्त उन्याला पहाटे साडेतीनला उतरवणारी बस टाळा, त्या वेळी पुढचं वाहन मागेल तेवढे पैसे मागतं. स्वतःची गाडी काढणार असाल तर वासद, तारापूर, वटामण, भावनगर, तळाजा, महुवा, राजुला असा रस्ता, एकूण चारशे किलोमीटरच्या घरात. पहाटे निघा. भावनगरच्या पुढे उजाडलेलं असावं, कारण त्या टप्प्यात रस्त्यावर ट्रक, ट्रॅक्टर आणि गुरं असा सगळाच कारभार असतो. राजुल्याजवळ जाफराबादची पाटी दिसली तर मुलांना सांगा की हे बंदर कोकणातल्या जंजिऱ्याच्या सिद्दीचं होतं. मुरुडचा नवाब इथेही नवाब, हे आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकात शेवटच्या ओळीतही येत नाही.

आणखी एक वाट आहे, ती प्रत्येकासाठी नाही. जुनागड आणि वेरावळकडून तलाळा-उन्यावरून देलवाड्यापर्यंत मीटरगेजची गाडी जात आलीय, आणि देलवाडा म्हणजे दीवच्या अगदी उंबऱ्यावर. गीरच्या जंगलातून, प्रत्येक छोट्या स्टेशनवर दम खात ती जाते. प्रतापनगर-डभोईची छोटी गाडी बंद झाल्यावर ज्यांना चुटपूट लागली त्यांनी ही जरूर करावी. मात्र या मार्गाच्या वेळा आणि गाड्या बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी रेल्वेच्या चौकशीवर खात्री करा आणि त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका.

उन्याहून बेटावर शिरायला दोन रस्ते आहेत. एक घोघल्यावरून, पूल ओलांडून थेट गावात. दुसरा तडच्या नाक्यावरून, बेटाच्या मधल्या भागात. पहिल्यांदा जाताना घोघल्यावरूनच जा. पुलावर आलात की डाव्या हाताला खाडीच्या तोंडाशी किल्ला आणि पाण्यातच उभा असलेला पाणीकोठा दिसतो, आणि समोर धक्क्याला लागलेल्या होड्या. पुलाच्या टोकालाच बसस्थानक आहे, त्याला जेठीबाईचं नाव दिलंय. कच्छहून दीवला आलेली ही कापडाच्या कारखान्याची मालकीण. अनाथ मुलांना सक्तीनं ख्रिस्ती करण्याच्या पोर्तुगीज कायद्याविरुद्ध तिनं भरजरी ओढणीबरोबर थेट राणीकडे अर्ज धाडला आणि कायदा बदलून आणला, असं सांगतात. रिक्षावाल्याला विचारा, तो तुम्हाला याहून रंगवून सांगेल.

पहिला दिवस पायी काढा. ग्रीसमध्ये हायड्रा नावाचं बेट आहे, तिथे मोटारींना मज्जावच आहे, माणसं चालतात आणि सामान गाढवांवरून जातं. दीवमध्ये असा नियम नाही, पण तटबंदीच्या आतल्या गल्ल्या मोटारी येण्याआधीच्या आहेत आणि त्यात चारचाकी घातली की आपल्या मांडवीच्या पोळांत घातल्यावर होतं तेच होतं. गावाच्या पश्चिमेच्या तटापासून पूर्वेच्या किल्ल्यापर्यंत अंतर दीड-दोन किलोमीटर. रमतगमत गेलात तरी पायी होणारं आहे.

सुरुवात किल्ल्यापासून करा, आणि सकाळी. तिथे सावली जवळजवळ नाही. पाणी बरोबर घ्या, टोपी घ्या, चपलांऐवजी बूट घाला. खडकात खोदलेला खंदक, दुहेरी तट, समुद्राकडे तोंड करून अजून बसलेल्या तोफा, जागोजागी पडलेले तोफगोळे आणि वर दीपगृह. गाईड घेतला नाहीत तरी चालेल, पण एक गोष्ट माहीत असू द्या, कारण ती आपल्या घराजवळ सुरू होते.

१५३५मध्ये हुमायूननं चांपानेर जिंकलं. हेच आपलं पावागडचं चांपानेर, जिथे आपण रविवारी सहलीला जातो. गुजरातचा सुलतान बहादूरशाह तिथून खंभातमार्गे पळाला तो दीवला. मोगल पाठीवर असताना त्याला मदत हवी होती आणि पोर्तुगीजांना दीवमध्ये किल्ला हवा होता. आधीच्याच वर्षी त्यानं त्यांना वसई देऊन टाकली होती, ती परत मिळवायला आपल्या चिमाजीअप्पांना १७३९ उजाडलं. आता दीवमध्ये किल्ला बांधायची परवानगी दिली. हुमायून निघून गेला, सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण किल्ला उभा राहिला होता. १५३७मध्ये पोर्तुगीजांच्या जहाजावर भेटीला गेला असताना झटापट झाली आणि बहादूरशाह दीवच्या पाण्यातच मारला गेला. पुढच्याच वर्षी इजिप्तहून तुर्कांचं आरमार येऊन किल्ल्याला वेढा घालून बसलं, १५४६मध्ये दुसरा मोठा वेढा पडला. दोन्ही वेळा पोर्तुगीज टिकले आणि दुसऱ्या वेढ्यानंतर त्यांनी किल्ला नव्यानं बांधून काढला. आज दिसतो तो बराचसा त्या वेळचा. चांपानेरच्या ओसाड मशिदी पाहिलेल्या माणसानं हा तट बघितला की दोन्ही ठिकाणं एकाच गोष्टीची दोन टोकं असल्याचं कळतं. बडोदेकराला ही जोडी फुकट मिळालीय. जाण्याआधीच्या रविवारी चांपानेर करून ठेवा.

पाणीकोठ्यावर उतरता येईल या भरवशावर राहू नका. धक्क्यावरून होड्या फेरी मारून आणतात, तेवढं पुरेसं आहे. फेरी घेतलीत तर लाइफजॅकेट मागून घ्या, न मागता प्रत्येक वेळी मिळतंच असं नाही. संध्याकाळी पाणीकोठ्यावर दिवे लागतात, ते धक्क्यावरच्या बाकावर बसून बघायला काही खर्च नाही.

किल्ल्याकडून परतताना सेंट पॉल चर्च लागतं. जेझुइटांनी बांधलेलं, १६१०मध्ये पूर्ण झालेलं, दर्शनी भागावर दगडाचं भरगच्च काम. गोव्यात जुन्या गोव्याची चर्चेस पाहिली असतील तर ओळखीचं वाटेल, फक्त इथे गर्दी नाही. आत प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, फोटो नंतर. जवळच सेंट थॉमस चर्चमध्ये संग्रहालय आहे, जुन्या लाकडी मूर्ती आणि शिलालेख ठेवलेले, अर्ध्या तासाचं काम. तिथून जुन्या वस्तीत शिरा आणि वाट चुकू द्या. रंगीत भिंती, लाकडी कोरीव दरवाजे, व्यापाऱ्यांच्या हवेल्या, आणि बरीच घरं कुलूपबंद. दीवच्या कितीतरी कुटुंबांनी पूर्वी मोझांबिक गाठलं आणि अलीकडे पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंड. बंद दारावर ताजा रंग दिसला तर समजा की मालक डिसेंबरात येणार आहेत. हिंडत पश्चिमेला झांपा दरवाज्यापाशी बाहेर पडाल. दरवाज्यावर सिंह आणि देवदूत कोरलेत, ते बघायला वर मान करायची आठवण ठेवा, कारण खालून वाहनं जात असतात.

दुसऱ्या दिवशी वाहन लागतं. बेटाची लांबी बारा किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे कुठेही गेलात तरी अंतर मोठं नाही. गावातून नागोआ, वणाकबाराकडे स्थानिक बस जातात, पण त्यांच्यावर दिवस बेतू नका. दोघं असाल तर भाड्याची दुचाकी उत्तम. परवाना मूळ ठेवा, मोबाइलमधला फोटो पुढे केला की काही दुकानदार कुरकुर करतात. गाडी घेण्याआधी चारही बाजूंनी तिचे फोटो काढा, ओरखडे दाखवा, ब्रेक आणि दिवा तपासा, पेट्रोल किती आहे आणि परत देताना किती ठेवायचं हे ठरवून घ्या. आधार कार्ड गहाण ठेवायला मागितलं तर नाही म्हणा, अनामत रोख द्या. हेल्मेट घाला. गावाबाहेरचा रस्ता सरळ आणि मोकळा आहे, आणि तिथेच आदल्या रात्रीची उतरलेली नसलेले पर्यटक गाडी हाणत येतात.

कुटुंब असेल तर रिक्षा ठरवा. मीटरची सवय इथे विसरा. ‘नागोआ किती’ असं एकेरी भाडं न विचारता ‘सकाळी आठ ते दुपारी एक, फुदम, नाइडा, नागोआ, वणाकबारा आणि परत, थांबण्यासकट’ असं पूर्ण वाक्य बोला. हॉटेलच्या दारातल्या रिक्षावाल्याचा भाव ऐका आणि मग बसस्थानकापर्यंत चालत जाऊन तिथला विचारा. आपल्या बडोद्याच्या गुजरातीत बोललात की भाव थोडा खाली येतो, हिंदीत बोललात की तुम्ही दिल्लीहून आलात. सायकलीही भाड्यानं मिळतात. थंडीच्या दिवसांत सकाळी सायकलीवर फुदमपर्यंत जाणं हा माझ्या मते बेट बघायचा सगळ्यांत चांगला मार्ग, पण वारा बहुधा परतीच्या वेळी समोरून येतो.

नाइडाच्या गुहा गावालगतच आहेत, तटाबाहेर. बांधकामासाठी इथला दगड काढत गेले आणि मागे पोकळ्या राहिल्या. वरच्या भोकांतून ऊन आत उतरतं, म्हणून अकराच्या सुमारास जा. पायऱ्या घसरड्या असतात. फुदमचं गंगेश्वर समुद्राच्या अगदी काठावर, खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं आणि भरतीला लाटा येऊन त्यांच्यावरून जातात. पांडवांनी स्थापली असं तिथे सांगतात. इथे वेळ महत्त्वाची: आदल्या दिवशी हॉटेलवर भरतीची वेळ विचारा आणि त्याच्या थोडं आधी पोचा. पूर्ण ओहोटीला गेलात तर लाट दूर असते आणि गेल्याचं सार्थक होत नाही.

नागोआला जाच, पण पोहायला गेलात तर आधी पाणी बघा. घोड्याच्या नालासारखा वळलेला किनारा आहे, एरवी समुद्र शांत असतो, पावसाळ्यात नसतो. पॅराशूट, बनाना राइड वगैरेंचे लोक अंगावर येतात; घासाघीस केल्याशिवाय बसू नका आणि नको असेल तर थांबू नका. किनाऱ्यामागे फांद्या फुटलेले ताड दिसतील. ताडाला फांद्या असत नाहीत हे आपण शाळेत शिकलेलो असतो, इथे त्याला अपवाद भेटतो. याला होका म्हणतात, रावणताडही म्हणतात. लहान मुलं बरोबर असतील तर मी नागोआपेक्षा घोघल्याचा किनारा सुचवीन. वाळू लांब पसरलेली, गर्दी कमी, स्वच्छतेसाठी त्याला ब्लू फ्लॅगचं प्रमाणपत्र मिळालेलं, आणि आंघोळीची, कपडे बदलायची सोय धड.

वणाकबारा बेटाच्या पश्चिम टोकाला. हे खरं कामाचं बंदर, शोभेचं नाही. शेकडो होड्या, जाळी दुरुस्त करणारी माणसं, सुकत घातलेले बोंबील, आणि वास असा की प्रतापनगरचा शाकाहारी शेजारी बरोबर असेल तर त्याला रिक्षातच बसवा. सकाळी लवकर गेलात तर माल उतरताना दिसतो. होड्यांवर चढायचं असेल तर विचारून चढा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा सगळ्या होड्या किनाऱ्याला लागून उभ्या असतात. तेही बघण्यासारखं आहे, पण ताजी मासळी मिळणार नाही.

संध्याकाळसाठी चक्रतीर्थ आणि जालंधरच्या बाजूला या. तिथे खुकरीचं स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ला दीवपासून दूर समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीनं आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता तिच्याबरोबर गेले. स्वातंत्र्यानंतर लढाईत बुडालेली आपली ही पहिली युद्धनौका. काचेत जहाजाची प्रतिकृती आहे. त्याच नावाची दुसरी नौका २०२१मध्ये नौदलातून निवृत्त झाली आणि संग्रहालयासाठी दीवच्याच प्रशासनाला दिली गेली. ती कोणत्या वेळात बघता येते ते बंदर चौकातल्या पर्यटन कार्यालयात विचारून घ्या. स्मारकापाशी सेल्फीसाठी तटावर चढणारे पाहिले की माझी सहनशक्ती संपते, तुमच्यातल्या कोणी चढू नये एवढंच सांगतो.

जायचं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीनंतरचे लाभपंचमीपर्यंतचे दिवस मात्र वगळा. तेव्हा सगळा गुजरात दीवला असतो, खोल्यांचे भाव ऐकवत नाहीत आणि पुलावर गाड्यांची रांग लागते. ३१ डिसेंबर आणि जन्माष्टमीच्या सुट्ट्यांचंही तेच. मंगळवार ते गुरुवार असे दिवस काढता आले तर तीच खोली निम्म्या तक्रारीत मिळते. जेवणाची काळजी नको: गुजराती थाळी सगळीकडे, मासळी हवी तर गावातल्या छोट्या खानावळींत विचारा आज काय आलंय. पोर्तुगीज पदार्थ शोधत फिरू नका, त्यासाठी गोवाच बरा.

राहिला तो विषय, ज्यानं काकूंनी तोंड फिरवलं होतं. दीवमध्ये बसून प्यायला हरकत नाही, परवाना लागत नाही. पण नाक्याच्या अलीकडे गुजरात सुरू होतं आणि कायदाही. बाटली सामानात नेऊ नका, ‘एकच तर आहे’ असली तरी. तपासणी होते, बसमध्येही होते, आणि ज्याच्या बॅगेत सापडली त्याच्यामुळे सगळी बस तासभर उभी राहते. बाटली नसली आणि नुसती पिऊन नाक्यावर आलात, तरीही गुन्हा दाखल होऊ शकतो. गाडी चालवणाऱ्यानं तर आदल्या रात्रीपासूनच हात आखडावा. भाड्याच्या गाडीनं आला असाल तर डिकी आणि सीटखालची जागा परत निघताना स्वतः बघा, ड्रायव्हरनं आपल्या हिशेबानं काही ठेवलं असेल तर नाक्यावर ते तुमचंच ठरतं. मित्रांच्या ‘येताना आण’ या फोनला बडोद्यातच नकार देऊन निघा.

परतीची बस रात्रीची घेतलीत तर हॉटेलची खोली दुपारी सोडून सामान तिथेच ठेवायला सांगा, बहुतेक जण ठेवतात. संध्याकाळ धक्क्यावर काढा आणि बसच्या वेळेच्या अर्धा तास आधी जेठीबाई स्थानकावर पोचा. खासगी बस असेल तर ती नेमकी कुठून सुटते हे दुपारीच फोन करून विचारा. काही दीवमधून निघतात, काहींसाठी उन्याला जावं लागतं.